तिसऱ्या पायरीचा दट्ट्या

चौकोन काढायचा. काढला. तो आतून निळा झाला पाहिजे. झाला नाही.

रत्नाबाईच्या घरी चुलीवरच्या फळीवर येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाचा एक दट्ट्या आहे. नऊ वर्षं तो धूर खातो आहे.

नारिंगी रंग मी निवडला नव्हता.

रविवारपासून दीपमाला माझ्याशी जेवणापुरतंच बोलते. "वाढू?" आणि "झालं?"

पाण्यात चार तास उभं राहिलं की पायाची बोटं आपलीच आहेत का, याची खात्री राहत नाही.

आतून पोकळ असलेली वस्तू बुडत नाही. हे चौथीच्या पुस्तकात होतं. मी चौथी पास आहे.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. मी ते क्रमानं सांगायचा प्रयत्न करतो. क्रम हा माझा गुण नाही.

पायरी १

माझं नाव जीवन, वय त्रेचाळीस. आंधळगावच्या बाजारओळीत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. घर तिथून चार किलोमीटरवर, तलावाच्या गावात. गेल्या दोन वर्षांत लोक फॉर्म आपल्या आपल्या फोनवर भरायला लागले आणि माझ्याकडे फक्त फॉर्म चुकलेले लोक यायला लागले. तेव्हा मी ठरवलं, काहीतरी नवीन शिकायचं. शहापूरला हायवेलगत एका केंद्रात संगणकावर यंत्रांचे भाग काढायला शिकवतात, मंगळवारी आणि शनिवारी. मी नाव घातलं.

पहिल्या दिवशी दारातच टीना मॅडम भेटल्या. वय चोवीस.

"काका, मुलाला घ्यायला आलात का?"

"मी शिकायला आलो आहे."

"अरे वा. बसा, बसा. मागे पंख्याखाली जागा आहे."

मॅडमनी समजावलं. आधी सपाट आकार काढायचा. मग त्याला ओढून उंची द्यायची. याला एक्सट्रूड म्हणतात. "कुरोडी कशी करता घरी? साच्याला जसं भोक, तसाच आकार लांब होत बाहेर येतो. तसंच."

कुरोडीचं मला समजलं. पण माझा चौकोन निळा होईना, आणि निळा झाल्याशिवाय तो ओढता येत नाही.

"आकार बंद नाही, काका. कोपऱ्यात फट आहे."

"मला तर दिसत नाही."

"तुम्हाला नाही दिसत. त्याला दिसते."

पुढच्या आठवड्यात पट्टीला भोक पाडायचं होतं. पट्टीवर वर्तुळ काढायचं आणि तेच खाली ओढायचं. ओढताना एक छोटी खिडकी उघडते आणि विचारते, जोडू की कापू? मी फॉर्म भरणारा माणूस. वीस वर्षं लोकांच्या वतीनं 'मी सर्व अटी वाचल्या आहेत' या ओळीसमोर टिचकी मारत आलो. खिडकी उघडली की माझं बोट न वाचता 'ठीक आहे' दाबतं. त्यामुळे माझं भोक पडायच्या ऐवजी खांब होऊन उभं राहायचं. महिनाभरात माझ्याकडे बारा पट्ट्या झाल्या, बाराही पट्ट्यांवर खांब.

एक पट्टी मी घरी लॅपटॉपवर दीपमालाला दाखवली. दीपमाला माझी बायको. शेती ती करते, मी फक्त शेतीचा सातबारा काढतो.

"हे का आहे?"

"पट्टी."

"मंग हे वर का निंगालं?"

"ते भोक आहे."

तिनं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी ती फोनवर बहिणीला सांगत होती, "यायनं भोक बांधलं वो, चांगलं मजबूत." दोन दिवसांत हे गावभर झालं.

पायरी २

आता तुडुम सांगावं लागेल, कारण गावाबाहेरच्या माणसाला ते ठाऊक नसतं. तलावाच्या आत, पाळेला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून, दगडी पायऱ्यांचं एक बांधकाम असतं. पायरी माणसाच्या छातीएवढी उंच. प्रत्येक पायरीत एक गोल भोक, भोकात लाकडाचा दट्ट्या. वरच्या पायरीचा दट्ट्या काढला की वरचं पाणी पाळेखालून कालव्यात जातं. पाणी उतरलं की खालच्या पायरीचा काढायचा. आमच्या तुडुमाला पाच पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांचं पाणी ऑगस्टमध्ये उघाड पडली तेव्हाच संपलं होतं. तिसऱ्या पायरीचं पाणी ठेवलेलं असतं कालव्याच्या शेंड्यावरच्या बांध्यांसाठी, म्हणजे टोकाच्या धानखाचरांसाठी; धान निसवून लोंब्या बाहेर पडतात तेव्हा लागतं म्हणून. ही वाटणी आमच्या आजोबांच्याही आधीची आहे.

आमच्या दोन बांध्या शेंड्यावर आहेत. अगदी शेंड्यावर. त्यांच्यापुढे कालवा नाही, मोहाचं झाड आहे.

सप्टेंबरच्या शेवटी तिसऱ्या पायरीचा दट्ट्या सडून फुटला. गोणपाट कोंबून पाहिलं, पाण्यानं ते ओढून नेलं. तलाव रोज चार बोटं उतरायला लागला. आणि धान निसवायला दोन आठवडे होते.

रविवारी पाळेवर बैठक भरली. तलाव समितीचे अध्यक्ष केशवराव. त्यांची शेती कालव्याच्या तोंडाशी आहे, म्हणून त्यांचा स्वभाव शांत आहे.

"अंकुशले सांगा," केशवराव म्हणाले. अंकुश म्हणजे गावातला सुतार. "अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"तो नागपूरले गेला ना, फर्निचरच्या कामाले."

"मंग फोन करा. उद्या बसनं येते. जीवन, तुझ्यापाशी नंबर आहे, लाव बरं."

मी फोन लावला. सगळे माझ्याकडे पाहत होते. थोडा वेळ कानाला धरला, मग बंद करून खिशात टाकला. "बंद दाखवते," मी म्हणालो. आणि कोणी काही बोलायच्या आत पुढचं वाक्यही माझ्याच तोंडून निघालं.

"मी करून देतो. कॉम्प्युटरवर. गुरुवारी लावू."

मग केशवरावांनी विचारलं, "पण दट्ट्याच करशीन ना बाबू? का भोक बांधशीन?"

सगळे हसले. बायकांच्या बाजूनं जास्त हसू आलं. दीपमाला हसली नाही.

घरी येताना ती म्हणाली, "आपल्याच बांध्या शेंड्यावर आहेत. ध्यानात आहे ना?"

"म्हणूनच तर मी घेतलं."

"म्हणूनच भेव लागून राहिलं मले."

त्यानंतर "वाढू?" आणि "झालं?"

पायरी ४ (३ ही पुढे येईल)

मंगळवारी शहापूरला मी वर्तुळ काढलं. ते निळं झालं. ओढलं. खिडकी उघडली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीत लिहिलेलं सगळं वाचलं. उंची एकशे ऐंशी. उतार किती, असंही ती विचारत होती, कारण दट्ट्या खाली निमुळता असतो. मी आकडा टाकला आणि दट्ट्या खाली फुलला, लग्नातल्या बँडच्या पिपाणीसारखा. टीना मॅडम मागून म्हणाल्या, "काका, उणे." मी उणे टाकलं.

आणि तो तिथे उभा राहिला. राखाडी, गुळगुळीत, वर जाड, खाली बारीक. खांब नाही. दट्ट्या. मी तो माऊसनं गोल गोल फिरवून पाहिला. खालून पाहिला. त्याच्या आत शिरून पाहिला. शेजारच्या मुलानं विचारलं, "काका, हँग झालं का?" मी नाही म्हणालो. मी पाहत होतो.

"मस्त झालंय," मॅडम म्हणाल्या. "कशाचा पार्ट आहे?"

"सिंचनाचा," मी म्हणालो. दट्ट्या म्हणायला जीभ वळली नाही.

"ज्या भोकात बसणार त्याचं माप?"

"भोक पाण्याखाली आहे."

"मग हे माप कशावरून घेतलं?"

"जुन्या पार्टवरून."

"तो जुना नीट बसत होता ना?"

"हो," मी म्हणालो.

केंद्रात वस्तू छापायचं एक यंत्र आहे. तारेसारखं प्लास्टिक वितळवून थरावर थर देत जातं. त्यात त्या आठवड्यात एकाच रंगाचं रीळ होतं. मॅडमनी सांगितलं की आतून सगळं भरीव करायचं नसतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पुरते. छपाईला एकोणीस तास लागले. बुधवारी दट्ट्या माझ्या हातात आला तेव्हा तो वाळलेल्या भोपळ्याएवढा हलका होता. मी त्याला प्रगती म्हणालो.

पायरी ३

सोमवारी मी माप घ्यायला रत्नाबाईकडे गेलो होतो.

रत्नाबाईचा नवरा नत्थू म्हणजे तलावाचा माणूस. दट्टे घडवणं, बुडी मारून ते लावणं, काढणं, सगळं तोच करायचा. शेवटच्या वर्षी त्यानं एक जास्तीचा दट्ट्या घडवून ठेवला आणि पावसाळ्याआधीच तो गेला. तेव्हापासून तो दट्ट्या चुलीवरच्या फळीवर आहे. तो मागायचा नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी मागितला नाही. फक्त मोजायला मागितला.

"मोज ना बाबू," रत्नाबाई म्हणाली. "मोजाले का लागते."

मी केंद्रातून सरावासाठी आणलेली व्हर्निअर मोजपट्टी काढली. वरचा व्यास एकशे पंधरा पूर्णांक दोन. खालचा एकशे चार पूर्णांक आठ. पूर्णांकानंतरचे आकडे मी मोठ्यानं म्हणत होतो.

"बाबू, पण हा आता वाळून..."

"एक मिनिट मावशी, आकडा विसरतो."

"मी म्हणून राहिली का नत्थू जवा घडवे तवा..."

"मावशी, याच्यात अंदाज नाही चालत. मिलिमीटरचं काम आहे."

ती चुलीत फुंकर घालायला वळली. मग म्हणाली, "बरं बाबू. तुमचं मशीन जाने." आणि मला काळा चहा दिला.

पायरी ५

गुरुवारी पाळेवर पंधरा-सोळा जण आले, रत्नाबाईही. मी दट्ट्या उशीच्या अभ्र्यात घालून नेला होता. बाहेर काढला.

"हे तं झेंडूचं फूल आहे," केशवराव म्हणाले.

मी शर्ट काढून तिसऱ्या पायरीवर उतरलो. पाणी कमरेला लागलं. रविवारी ते छातीला लागलं असतं. दट्ट्या पाण्यात धरला आणि सोडला, तर तो वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला आणि माझ्याभोवती फिरायला लागला. पाळेवरून कोणीतरी म्हणालं, "पोहणं येते वाटते याले."

मी दोन्ही हातांनी धरून, नाक दाबून, त्याच्यासकट खाली गेलो. भोकापाशी पाण्याची ओढ लागली. दट्ट्या आपोआप भोकाकडे वळला, सरळ झाला आणि बसला. खरोखर बसला. भोकातल्या पाण्याचा आवाज थांबला. मी डोकं वर काढलं आणि एक हात उंच केला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पायाखाली काहीतरी सुर्रकन गेलं, आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

"का झालं?" केशवरावांनी विचारलं.

"गेला."

"कोठी?"

"आरपार."

पाळेच्या पलीकडून ओरडा आला. दट्ट्या कालव्यात निघाला होता आणि पाण्यावर नाचत शेंड्याकडे चालला होता. दीपमाला पाळेवर उभी होती. तिनं तो जाताना पाहिला. मान वळवत वळवत, दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग तिनं तलावाकडे पाहिलं, तुडुमाच्या दगडावर पाण्याची ओली खूण किती खाली आली आहे तिकडे.

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी पाण्यातच उभा राहिलो. बाहेर यायचं कारण नव्हतं आणि आत राहायचंही.

रत्नाबाई कधी उठून गेली ते मला दिसलं नाही. ती परत आली तेव्हा तिच्या काखेत येनाचा दट्ट्या होता, जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळलेला.

"घे," ती म्हणाली. "सांगून राहिली होती मी. लाकूड वाळलं का बारीक होते, पाण्यात गेलं का फुगते. म्हणून नत्थू सैलच घडवे. चिंधी गुंडाळून लावे, अन फुगेपर्यंत पायात धरून राहे. सोडला तं हाही जाईन तुझ्या फुलामांगं."

"पण मावशी, हा नत्थूकाकाचा..."

"मंग?"

"तुम्ही कोणाला देत नाही ना हा?"

"कोणी मांगतला?" ती म्हणाली. "नऊ वरसं झाली. एक माणूस आला, तो मोजून गेला."

पाळेवर कोणी हसलं नाही. केशवराव आपल्या चपलेकडे पाहायला लागले.

मी दट्ट्या भोकात बसवला आणि दोन्ही पायांच्या पंजांत त्याचं डोकं धरून उभा राहिलो. चिंधीनं तो अडकला होता, पण ओढ होती. जरा पाय सैल केला की तो खाली सरकायचा. दुपारचा एक वाजला होता. मासोळ्या पोटऱ्यांना चावून पाहत होत्या आणि सोडून देत होत्या. तासाभरानं लोक पांगले. केशवराव थांबले. थोड्या थोड्या वेळानं ते पाळेवरून विचारायचे, "किती टक्के झालं?"

दीपमाला पाळेच्या पलीकडे कालव्याच्या तोंडाशी जाऊन बसली होती. मला ती दिसत नव्हती. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला.

"मनगटाएवढं आहे!"

रविवारनंतर तिनं माझ्याशी बोललेलं हे जेवणाबाहेरचं पहिलं वाक्य. मी पाय घट्ट केले.

"अंगठ्याएवढं!"

मग पुष्कळ वेळ काहीच नाही. ऊन तलावाच्या त्या काठाला गेलं. पायाच्या बोटांशी लाकूड हळूहळू जागा भरत होतं. मला ते जाणवलं असं म्हणायला आवडलं असतं, पण बोटांना काहीच जाणवत नव्हतं.

"करंगळीएवढं!"

आणि पाच वाजता, "थेंब! नुसते थेंब!"

"सोड आता," रत्नाबाई म्हणाली. मी पाय उचलले. दट्ट्या जागेवर राहिला. मी पायरीवरून पाळेवर चढायला गेलो आणि पाय लाकडाचे झाल्यासारखे असल्यामुळे सरळ केशवरावांच्या अंगावर पडलो.

पायरी ६

रविवार ते गुरुवार तलाव सोळा बोटं उतरला होता.

निसव्याच्या वेळी तिसऱ्या पायरीचा दट्ट्या उघडला. रत्नाबाईनं स्वतः उभं राहून काढून घेतला आणि पुन्हा पाण्यातच ठेवायला लावला, वाळू नये म्हणून. पाणी सगळ्या शेंड्याला गेलं. आमची पहिली बांधी भरली. दुसऱ्या बांधीत ते मध्यापर्यंत आलं आणि थांबलं.

दसऱ्यानंतर दीपमालानं मला शेतावर नेलं. दुसऱ्या बांधीत मधोमध एक रेघ दिसत होती. रेघेच्या अलीकडे लोंब्या वाकलेल्या, पलीकडे सरळ उभ्या, पोचट.

"एथपर्यंत नत्थूकाकाचं पाणी," ती म्हणाली. "एथून पुढं तुमचे मिलिमीटर."

नारिंगी दट्ट्या तिला तिथेच सापडला होता, पोचट धानात, मोहाच्या बाजूच्या बांधाला टेकलेला. त्याला खरचटलंही नव्हतं. तिनं तो धुऊन माझ्या दुकानात आणून काउंटरवर ठेवला. गिऱ्हाईक विचारतं, मी पेपरवेट सांगतो. पंखा लावला की कागदांच्या आधी तोच उडतो.

शहापूरला मी अजून जातो. आता माझी भोकं पडतात. टीना मॅडम नव्या बॅचला माझा दट्ट्या पडद्यावर दाखवतात. "या पार्टमध्ये एकही चूक नाही," त्या म्हणतात. "माप चुकीच्या वस्तूचं आहे, एवढंच." मग सगळे मागे वळून पंख्याखाली पाहतात.

कापणीच्या पहिल्या दिवशी, दुसऱ्या बांधीच्या रेघेपाशी, दीपमाला विळा हातात धरून थांबली.

"एक विचारू का जी?"

"विचार ना."

"त्या दिवशी पाळेवर अंकुशचा फोन खरंच बंद होता?"

मी तिला सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये डाव्या हाताला एक यादी असते. तुम्ही जे जे केलं ते पायरीपायरीनं तिथे लिहिलेलं राहतं. कोणती पायरी कोणत्या पायरीवर उभी आहे तेही कळतं. एक मागची पायरी बदलली की पुढचं सगळं बदलतं. मी बराच वेळ सांगत होतो. हातानं हवेत यादी काढूनही दाखवली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती वाकली आणि रेघेच्या अलीकडून कापायला लागली. मी पलीकडून सुरुवात केली.

त्या रविवारी अंकुशनं पहिल्याच रिंगला फोन उचलला होता.